बिनआवाजाचं यंत्र

चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधल्या पायऱ्यांवर बसून बाबांनी शिंपीणबाईंना विचारलं, "बाई, मी कुठल्या मजल्यावर राहतो हो?" शिंपीणबाई चौथ्यावर, आमच्या बरोबर खाली राहतात. दुपारचे अडीच वाजले होते आणि त्या कुणाचे तरी शिवून झालेले कपडे पोचवायला निघाल्या होत्या. त्यांना आधी वाटलं, थट्टा चाललीय. बाबा थट्टा करतातच, आणि तीही तोंडावरची रेषा न हलवता. पण त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, इतक्या उकाड्यात अंगावर घामाचा टिपूस नव्हता, आणि घराची किल्ली त्यांनी मुठीत इतकी आवळून धरली होती की तळव्यावर तिचे दात उमटले होते. हे सगळं मला नंतर कळलं. फोन आला तेव्हा मी इस्पितळाच्या तळघरात, माझ्या कामावर होते. मी लोकांचे कान तपासते. आतून स्पंज लावलेली, जाड दाराची एक पेटीवजा खोली असते. तिच्यात माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, आवाज अगदी बारीक आला तरी बटण दाबा. मग बाहेर काचेआड बसून मी एकेक सूर सोडत जाते, आधी मोठा, मग लहान, मग त्याहून लहान. त्या दिवशी आत एक गृहस्थ बसले होते. फोनवर शिंपीणबाई म्हणाल्या, "अगं, असशील तशी ये, बाबांचं काही खरं दिसत नाही," आणि मी उठले, पर्स घेतली आणि निघाले. आत माणूस आहे हे साफ विसरले. माझ्या बरोबरीच्या तंत्रज्ञ बाईने पाऊण तासाने दार उघडलं तेव्हा ते गृहस्थ बटणावर अंगठा ठेवून, डोळे मिटून, मुकाट वाट पाहत बसले होते. "फारच बारीक आवाज सोडता बुवा तुम्ही," असं म्हणाले म्हणे. तिने मला हे हसत सांगितलं. माझ्या मात्र अंगावर काटा आला, कारण त्या पाऊण तासात त्यांनी तीन वेळा बटण दाबलं होतं. काहीच वाजत नसताना.

बाबांना एक रात्र इस्पितळात ठेवलं, सलाईन लावलं, आणि सकाळी ते पुन्हा आपल्या मजल्यावर, आपल्या वयात, आपल्या तिरकस बोलण्यात परत आले. डॉक्टरीणबाई हात धुता धुता माझ्याशी बोलल्या. पंचाहत्तरीचं शरीर, हृदयाच्या गोळ्या, त्यात पाणी कमी करणारी गोळी. असं शरीर स्वतःला थंड करू शकत नाही. पंखा तीच गरम हवा फिरवतो. "एसी बसवून घ्या," त्या म्हणाल्या. "चैन म्हणून नाही, औषध म्हणून. पुढच्या वेळी ते कदाचित जिन्यापर्यंतही पोचणार नाहीत." त्यांनी हात पुसले, कागद चुरगाळून टोपलीत टाकला. मी मान डोलावली. मला भीती वाटायला हवी होती ती उन्हाची. पण मी इस्पितळाच्या पायऱ्या उतरत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे फक्त एक दार येत होतं, बाबांच्या खोलीचं, लावून घेतलेलं. आमच्या घरात ते दार कधी लावत नाही. मी बाहेरच्या खोलीत झोपते, पलंग अशा बेताने लावलाय की उशीवरून त्यांचे पाय दिसतात, आणि त्यांचा श्वास मला ऐकू येतो. घरघर येते, मध्ये थांबते, मी पण थांबते, मग ती पुन्हा सुरू होते आणि मी कूस बदलते. अकरा वर्षं मी अशी झोपत आलेय. एसी लावायचा म्हणजे दार लावायचं. दार लावायचं म्हणजे मी बहिरी.

आणि एकदा मी बहिरी झालेली आहे. अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे कूलर होता, पत्र्याचा, आडदांड, खिडकीला पाठ लावून बाहेरच्या खोलीत बसवलेला. तो सुरू झाला की ओरडूनच बोलावं लागे. आई म्हणायची, "या घरात एकटा हाच बोलतो, बाकीचे नुसते माना हलवतात." आईचा आवाज जाड होता, बायकांत तसा क्वचित आढळतो, फोनवर लोक तिला साहेब म्हणत आणि ती त्यांना दुरुस्त करत नसे. त्या दुपारी मी कूलरला खेटून इस्त्री करत होते. बाबा पलीकडच्या टोकाला, आतल्या बोळाच्या तोंडाशी दिवाणावर आडवे झाले होते, पेपर छातीवर, डोळे मिटलेले. आई कपडे धुवायला न्हाणीघरात गेली. ती गेल्यापासून मी सात कपड्यांना इस्त्री केली. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण नंतर कितीतरी दिवस ते सात कपडे घड्या घालून तसेच पडून होते आणि मी ते पुन्हा पुन्हा मोजत असे. मग मी पाणी प्यायला उठले आणि बोळात माझा पाय ओल्यात पडला. दाराखालून पाणी येत होतं. शांत, पसरट, साबणाचं. आईचं हृदय थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं असतं तर सांगता येत नाही, कदाचित. शिंपीणबाई वर आल्या त्या रडतच आणि माझा हात धरून म्हणाल्या, "हाक मारत होती गं. दोनदा. मला पाइपांच्या झरोक्यातून ऐकू आलं. मला वाटलं, तुम्ही दोघं आहातच की घरात." त्या भाबडेपणाने बोलल्या. त्यांना कल्पनाही नव्हती की त्यांनी काय माझ्या हातात ठेवलं. मी, जी लोकांच्या कानांत मुंगीच्या पावलांएवढा आवाज सोडते आणि वहीत लिहिते, आला, नाही आला, मी दहा पावलांवर होते. बाबांना विचारायचा प्रश्नच नव्हता. ते झोपले होते. आणि तीस वर्षं छापखान्यात यंत्रावर काढलेल्या माणसाचे कान मीच तपासले होते. त्यांच्या आलेखाची रेघ उजवीकडे कड्यावरून पडल्यासारखी खाली जाते. महिन्याभराने बाबांनी तो कूलर भंगारवाल्याला देऊन टाकला. जिन्यावरून तो उतरवताना स्वतः खाली रस्त्यापर्यंत गेले. मला वाटलं, माझ्यासाठी करतायत.

दुकानात मी एकटी गेले. भिंतभर एसी टांगलेले, सगळे पांढरे, सगळ्यांची तोंडं मिटलेली. विक्रेता गोल चेहऱ्याचा, हसरा, आपल्या मालावर मनापासून प्रेम करणारा माणूस होता. खोली केवढी, कितव्या मजल्यावर, वर गच्ची आहे का, ऊन कोणत्या भिंतीवर येतं, असं तो एकेक विचारत गेला आणि मी शाळेतल्यासारखी उत्तरं देत गेले. दहा बाय बारा. शेवटचा मजला. पश्चिमेची भिंत. "मग एक टन नका घेऊ, दीड घ्या," तो म्हणाला. "छोटा घेतलात तर बिचारा दिवसभर धापा टाकत राहील आणि खोली थंड होणार नाही." धापा टाकत राहील. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्याने प्रकार सांगितले. खिडकीत बसणारा: सगळं एकाच डब्यात, बसवायला सोपा, पण सगळा घरघराटही खोलीतच. दोन भागांचा: आवाज करणारा भाग बाहेर भिंतीवर, आत नुसती थंड हवा. चाकांवरचा: हवा तिथे ढकलून न्या, पण त्याचा जाड पाइप खिडकीतून बाहेर काढावा लागतो आणि त्याची बडबड सर्वांत जास्त. मी विचारलं, "आवाज किती?" त्याने एकाकडे बोट दाखवलं. "हा बघा, अगदी कमीवर ठेवलात तर पंचवीस डेसिबल. तुम्हाला कळणारसुद्धा नाही चालू आहे ते." पंचवीस म्हणजे कुजबुजीपेक्षाही कमी. मला ते ठाऊक होतं, तरी विश्वास बसेना. मी त्याला तो चालू करायला लावला आणि डोळे मिटून खाली उभी राहिले. आधी काहीच नाही. मग, खूप आत, एक मऊ सरसर, कुणीतरी दूरच्या खोलीत चादर झटकून घालतंय अशी. त्या सरसरीखाली काय काय बुडू शकतं याचा मी हिशेब करू लागले. श्वास दहाच्या आसपास, तोही जवळून. मधलं दार बंद केलं तर गेलाच. "आणि थांबून थांबून चालणारा नाही का?" मी विचारलं. "असा, की थोडा वेळ चालेल, मग पूर्ण बंद पडेल, मग पुन्हा चालेल?" तो गोंधळला. जुन्या पद्धतीचे तसे असतात, म्हणाला, खटकन बंद, खटकन सुरू. नवीन जातीचे थांबत नाहीत, नुसते हळू होतात. "मॅडम, लोक माझ्याकडे न थांबणारा मागायला येतात. थांबणारा मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मी हसले. पण मला तो थांबणाराच हवा होता. तो थांबला की मध्ये जी शांतता पडेल तिच्यात मला ऐकता येईल, दहा मिनिटांनी एकदा का होईना. जिवंत. जिवंत. अजून जिवंत.

घरी बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला नको." एवढंच. मी डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाईला एसीत बसून बसून सर्दी झाली होती, पाहिलंस ना?" मी चिडले, विनवण्या केल्या, शिंपीणबाईंना मध्ये घातलं. बाबा पायांवर ओला पंचा टाकून खिडकीशी बसून राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता. मला तो हट्ट वाटला, कारण म्हाताऱ्या माणसाने नको म्हटलं की त्याला हट्ट म्हणायची आपल्याला सवय असते. आता आठवलं की दिसतं, ते घाबरले होते. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही एकाच यंत्राला घाबरलो होतो, पाठीला पाठ लावून. शेवटी मी रडले. रडायचं ठरवलं नव्हतं. "तुम्ही जिन्यात बसला होतात बाबा," मी म्हणाले, "तुम्हाला स्वतःचं घर सापडत नव्हतं." त्यांनी पायांवरच्या पंचाची घडी केली. "बरं, आण," म्हणाले. "पण बाहेरच्या खोलीत नको. तिथे पुन्हा काही लावायचं नाही." मी विचारलं नाही, का. मी त्यांच्या उशाशी ठेवायला बिनतारेची घंटा आणली होती, बटण दाबलं की माझ्याकडे वाजणारी. ती त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि खणात टाकली. "मी काय हॉटेलात उतरलोय का मुंगे? घसा आहे मला अजून." मला ते मुंगी म्हणतात, लहानपणापासून. आईही म्हणायची.

फिटर मोजमाप घ्यायला आला तो पन्नाशीचा, सडपातळ, मितभाषी माणूस. आल्या आल्या त्याने पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवला, आपण आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतो तसा. "तापलीय," म्हणाला. मी त्याला माझ्या सगळ्या युक्त्या सांगितल्या. बाहेरच्या खोलीत मोठा एसी लावला आणि मधलं दार उघडं ठेवलं तर? एक तर बाबांनी आधीच नाही म्हटलं होतं, शिवाय फिटर म्हणाला, "ताई, थंडावा वाटेतच संपेल. बाबांपर्यंत पोचेल ती नुसती हवा." मग खिडकीतला? बाबांच्या खोलीला खिडकी एकच होती, पूर्वेची; ती डब्याने भरली तर सकाळचा उजेड गेला, आणि कठीण प्रसंगी उघडायलाही काही उरणार नाही. तो हे म्हणाला, कठीण प्रसंगी, आणि मी खिडकीची कडी काढून पुन्हा लावली. चाकांवरचा त्याने चर्चेलाही घेतला नाही. "आजारी माणसाच्या खोलीत गोंगाट कशाला आणायचा? दोन भागांचा घ्या, न थांबणारा घ्या. सव्वीस अंशांवर लावून विसरून जा. उशाच्या भिंतीवर नको, झोत थेट डोक्यावर येईल. त्या बाजूच्या भिंतीवर बसवू." मी म्हणाले, "तो थांबत नाही म्हणूनच तर..." आणि पुढे बोलले नाही. त्याने टेप गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे पाहिलं. "दाराला काच बसवून घ्या," तो म्हणाला. "माझ्या सासूबाईंच्या खोलीला आम्ही तशी बसवलीय. ऐकू नाही आलं तरी दिसतं." मी काहीही सांगितलेलं नसताना त्याला कसं कळलं, याचं मला इतकं आश्चर्य वाटलं की मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं, दोन्हीला, काचेला आणि न थांबणाऱ्यालाही. असा आमच्या घरातला निर्णय झाला. तो बरोबर होता हे मला आज कळतं. त्या क्षणी वाटलं की मी कशावर तरी सही केली.

बसवायच्या दिवशी बाबा स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. भिंतीला भोक पाडताना अख्खं घर दातांत धरल्यासारखं थरथरत होतं, आणि ते कानांवर हात न ठेवता बसले होते, छापखान्यातल्या माणसासारखे. मी मात्र पळून कुठे जावं हे न कळून फिरत होते. फिटरने कमरेला पट्टा बांधला, दोर खिडकीच्या चौकटीत अडकवला आणि तो बाहेर गेला. पाच मजल्यांची हवा त्याच्या खाली. मी त्याचा दोर धरून उभी राहिले, तो म्हणाला, "ताई, दोर तुमच्या हाताने अडणार नाही, तो गाठीने अडलाय, तुम्ही आत बसा." मी सोडला नाही. आतला भाग चढला, तांब्याचे पाइप जोडले गेले, पाण्याची नळी उतार बघून बाहेर काढली. सुताराने दाराच्या वरच्या अर्ध्यात काच बसवली होती, तिला अजून पुट्टीचा वास येत होता. दोन वाजता फिटरने बटण दाबलं. पांढऱ्या डब्याचं तोंड सावकाश उघडलं. काही झालं नाही. मग माझ्या हातावरची लव उभी राहिली आणि लक्षात आलं, आलाय. बाबा येऊन पलंगावर बसले, मान वर करून हवेचा वास घेतला. "इस्पितळासारखा येतो," म्हणाले. पण पाच मिनिटांत आडवे झाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावरचा तो लाल ताण सैल पडलेला मी पाहिला. फिटर गेला. जाताना त्याने दार ओढून घेतलं, सवयीने, हलकेच. क्लिक.

त्यानंतरचा एक तास मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतो. मी काचेशी उभी. आत बाबा, चादर छातीपर्यंत. छाती हलते की नाही? चादर हलते, पण ती हवेनेही हलेल. मी कान दाराला लावला. काहीच नाही. माझ्याच कानातलं रक्त, जे त्या पेटीत बसलेल्या प्रत्येकाला ऐकू येतं आणि मी त्यांना सांगते, ते खरं नाही, तिकडे लक्ष देऊ नका. मी दार उघडलं, ऐकलं, लावलं. स्वयंपाकघरात गेले, परत आले, उघडलं. माझ्या मनात सारखं यायचं की मी स्वतः, माझ्या हाताने, सगळं नीट निवडून, मोजून, विचारून घरात तीच दुपार पुन्हा आणून ठेवलीय, फक्त या वेळी ती अधिक चांगल्या कंपनीची आहे. पाचव्या की सहाव्या वेळी मी दार उघडलं तेव्हा बाबा डोळे न उघडताच म्हणाले, "मुंगे, सगळा थंडावा बाहेर जातोय."

"बघत होते, झोप लागली का."

"लागते आणि तू मोडतेस." त्यांनी डोळे उघडले. "काय ऐकतेस सारखं दाराशी?"

मी खोटं बोलणार होते. पण तोंडातून निघालं, "श्वास. तुमचा श्वास. दार लावलं की मला ऐकू येत नाही, बाबा. त्या दिवशी कूलर होता म्हणून आई..."

"आत ये," ते म्हणाले. "दार लाव. लाव म्हणतो ना."

मी लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिले. ते छताकडे बघत होते. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, पेपरातली बातमी वाचून दाखवावी तसा, त्यामुळे मला पहिली काही वाक्यं कळलीच नाहीत.

"कूलरचा काही दोष नव्हता," बाबा म्हणाले. "मी जागा होतो. मला ऐकू आलं. पहिल्यांदा 'अहो' म्हणाली. मला वाटलं, बादली उचलायला बोलावतेय, किंवा नळ बिघडला असेल. सकाळी भांडलो होतो आम्ही. काय कारण होतं, देव जाणे. ऊन मी म्हणत होतं, अंगावर वारा येत होता, उठवेना. म्हटलं, बोलावू दे अजून एकदा. मग तिने तुला हाक मारली. 'मुंगे' म्हणाली. म्हटलं, चला, आता मुलगी उठेल. मी डोळे मिटून घेतले. तू उठलीस असंच धरून चाललो."

"मी नाही उठले."

"ते मला नंतर कळलं. पाणी पाहिलंस आणि ओरडलीस तेव्हा."

खोलीत सव्वीस अंश होते. माझे दात वाजत होते. आणि त्या क्षणी, लाज वाटते सांगायला, माझं मन आधी आलेखाकडे धावलं. बाबांची रेघ उजवीकडे पडते, बारीक सुरांत, पक्ष्यांत, घंटांत, लहान मुलांत. डावीकडे, जाड सुरांत, ती जवळजवळ सरळ आहे. मीच काढली होती ती. आईचा आवाज जाड होता, आणि बाबा कूलरपासून लांब, बोळाच्या तोंडाशी होते. अकरा वर्षं दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी पडून होत्या आणि मी त्यांची एकमेकींशी गाठ घातली नव्हती. मी नाही घातली, की मला घालायची नव्हती?

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "मी अकरा वर्षं..."

"पाहत होतो." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "आज सांगतो, उद्या सांगतो असं करता करता तू कूलरला दोष द्यायला लागलीस. म्हटलं, बरं आहे, यंत्रावर गेलं. माझी हिंमत झाली नाही. मग तू माझ्या दाराशी झोपायला लागलीस, आणि मग तर सांगायची सोयच उरली नाही. तू माझा श्वास मोजायचीस आणि मी तो नीट घ्यायचा प्रयत्न करत पडायचो." थोडं थांबून म्हणाले, "काहीतरी बोल ना मुंगे."

मी दार उघडून बाहेर आले, आणि यंत्राची सवय असल्यासारखं ते मागे ओढून घेतलं.

त्यानंतर तीन दिवस आम्ही जरुरीपुरतं बोललो. गोळ्या, पाणी, चहा. मी कामावर गेले, लोकांना पेटीत बसवलं, सूर सोडले. माझ्यावरून ओझं उतरलं होतं, असं म्हणायला हवं. पण जिथे ते ओझं होतं तिथे आता काय आहे ते मला कळत नव्हतं, आणि हात लावून बघायची भीती वाटत होती. राग आहे का? शोधला तर सापडत नव्हता. रात्री मी पलंग भिंतीकडे सरकवला आणि सलग झोपले, आणि सकाळी त्या सलग झोपेचीच भीती वाटली. चौथा दिवस माझ्या सुट्टीचा. दुपारी बाबांच्या खोलीचं दार बंद, आत सव्वीस अंश, मी बाहेरच्या खोलीत खुर्चीत, हातात थंड झालेला चहा. ऊन जमिनीवर चौकोनात पडलं होतं. इतकं शांत होतं की खालून शिंपीणबाईंचं शिलाई यंत्र ऐकू येत होतं, थांबत, धावत, थांबत.

"मुंगे," आतून हाक आली.

स्वच्छ ऐकू आली. बंद दारातून, त्या यंत्राच्या सरसरीतून, एकेक अक्षर. म्हणजे येतं तर ऐकू, मी मनात म्हटलं. आणि उठले नाही. उठायचं नाही असं मी ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगते. फक्त उठणं पुढे कुठेतरी होतं आणि मी खुर्चीत होते, आणि दोघांच्या मध्ये एक रुंद, उबदार, आळसावलेली जागा होती. पाणी हवं असेल. रिमोट खाली पडला असेल. मारू दे अजून एक हाक. माझ्या मांडीवर माझे हात होते आणि ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे मी त्यांच्याकडे बघत होते. शिंपीणबाईंचं यंत्र थांबलं. दुसरी हाक आली नाही.

हे एवढंसं असतं, माझ्या लक्षात आलं. याला दुष्टपणा लागत नाही, राग लागत नाही, कूलरसुद्धा लागत नाही. आणि मग जी भीती आली ती मला कधीच माहीत नव्हती, कारण आतापर्यंत मी कशाकशाला घाबरले होते ते सगळं माझ्या बाहेर होतं. कप हातातून पडला. मी धावले. काचेतून बघायचं भानही राहिलं नाही, दार ढकललं तर ते भिंतीवर आपटलं.

बाबा पलंगावर उठून बसले होते. एक पाय चादरीत अडकलेला, चष्मा नसलेला चेहरा दाराकडे वळवलेला, पांढराफटक. ते धापा टाकत होते आणि तेही घाबरलेले होते. मला बघून त्यांनी पलंगाची कड सोडली.

"काय झालं?" मी ओरडले. "काय होतंय?"

"काही नाही. पायात गोळा आला होता. गेला." मग जपून, जणू काही मोडेल अशा बेताने त्यांनी विचारलं, "ऐकू नाही आलं का गं?"

'नाही आलं' म्हणणं सोपं होतं. नवं यंत्र, नवं दार. त्यांनीच माझ्यासाठी ती वाट मोकळी ठेवली होती, स्वतः अकरा वर्षं वापरलेली.

"आलं होतं," मी म्हणाले. "पहिल्याच हाकेला आलं. उठले नाही मी, बाबा. बसून राहिले."

मग त्यांनी अडकलेला पाय चादरीतून सोडवला, दोन्ही पाय भिंतीकडे सरकवले आणि पलंगावर एका माणसापुरती जागा केली.

"बस," म्हणाले.

मी बसले, आणि त्यांचा गोळा आलेला पाय मांडीवर घेऊन चोळू लागले. तो गार पडला होता.